काकांची जुनी स्प्रिंगर की पाटल्या मोडून पीसीपी?

ऐरोलीहून एका ताईंचं पत्र आलंय, मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगतो. मुलगी आठवीत, चौदा वर्षांची, दीड वर्षापासून घणसोलीला एका रेंजवर १० मीटर एअर रायफल शिकतेय, पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची. क्लबच्या दोन पीसीपी, म्हणजे सिलिंडरमधे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफली, आणि मुलं दहा, त्यामुळे तासाभराच्या बॅचमधे तिच्या वाट्याला धड पंचवीस शॉट पण येत नाहीत. ह्यांचे काका ठाण्याला नौपाड्यात राहतात, त्यांनी कपाटातली जर्मन फाइनवेर्कबाऊ ३०० एस, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर चालणारी स्प्रिंगर, काढून नातीला दिली, म्हणाले आमच्या काळात हिच्यावर लोक मेडल मारायचे. पोरगी खूश. पण पहिल्या चार-पाच शॉटला नळीतून धूर निघाला, दणकून आवाज झाला, आणि कोच सर म्हणाले स्प्रिंगरचा जमाना गेला, पीसीपी घ्या नाहीतर पुढे चान्स नाही. मिस्टर रबाळे एमआयडीसीत सुपरवायझर आहेत, दोन-अडीच लाख हातात नाहीत. ताई विचारतायत, "दादा, पाटल्या मोडून घेऊन टाकू का? ऑगस्टमधे शाळेची जिल्हा स्पर्धा आहे. क्लबच्या पीसीपीवर तिचा ६० शॉटचा स्कोअर ५७६ येतो, काकांच्या रायफलवर ५६१ आला. पंधरा पॉइंट कमी. चूक झाली तर मुलीचं वर्ष जाईल."

ताई, आधी पाटल्यांचं सांगतो. आत्ता मोडू नका. का ते खाली सगळं लिहितो, पण एवढं वाचून पत्र बंद केलंत तरी चालेल इतकं मला खात्रीने वाटतं.

आता तो धूर. काकांनी रायफल देण्याआधी तिच्यात तेल घातलं असणार, विचारा त्यांना, बहुतेक शिलाई मशीनचं. प्रेमाने घातलं असेल, वर्षानुवर्षं पडून असलेली वस्तू आहे, पण स्प्रिंगरमधे ट्रिगर दाबला की आतला पिस्टन पुढे धावतो आणि समोरची हवा एका क्षणात इतकी दाबली जाते की ती कडक तापते, आणि त्या तापलेल्या हवेत तेल असेल तर ते पेटतं, अगदी डिझेल इंजिनात पेटतं तसंच, म्हणूनच शूटर लोक ह्याला डिझेलिंग म्हणतात. मग धूर येतो, आवाज मोठा होतो, पॅलेट, म्हणजे रायफलची छोटी गोळी, नेहमीपेक्षा जोरात जातं आणि पुढचं हळू जातं, म्हणजे एक वर एक खाली. ५६१ मधले काही पॉइंट तिथेच गेलेत, ते तुमच्या मुलीचे नाहीत आणि स्प्रिंगर जुनी आहे म्हणूनही नाहीत. अशीच मारत राहिलात तर आतलं सील जळेल, स्प्रिंगची पण वाट लागेल. तेव्हा आता तिच्यावर एकही शॉट नको. जाणत्या माणसाकडून उघडून साफ करून घ्या, आणि त्याच वेळी आतला बफर (पिस्टनचा धक्का झेलणारा तुकडा) आणि ब्रीचचं, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाचं, सील बदलायला सांगा, कारण ह्या वयाच्या रायफलमधे रबर-प्लास्टिकच्या गोष्टी नुसत्या पडून पडून भुसभुशीत होतात, बोटाने दाबलं तर चुरा होतो. मी स्वतः एका ३०० मधून चहाच्या भुकटीसारखा निघालेला बफर बघितलाय, बाहेरून रायफल नवी कोरी दिसत होती.

आता मुख्य मुद्दा, स्प्रिंगर आणि पीसीपी मधे खरा फरक कुठे आहे. लोक सांगतात पॉवरमधे, तर तसं नाही. १० मीटरच्या मॅच रायफलला पॉवर लागतच नाही, पॅलेट साधारण अर्ध्या ग्रॅमचं, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास, दोन्हीत तेवढाच. म्हणजे नळीतून निघाल्यावर टार्गेटच्या कार्डापर्यंत पोचायला ०.०६ सेकंद. फरक आहे तो ट्रिगर सुटल्यापासून पॅलेट नळीच्या बाहेर पडेपर्यंतच्या क्षणात. स्प्रिंगरमधे जड पिस्टन पुढे सुटतो म्हणून रायफल आधी मागे जाते, मग पिस्टन पुढे जाऊन हवेच्या गादीवर आपटतो आणि रायफल पुढे ओढली जाते, आणि हे सगळं पॅलेट अजून नळीत असतानाच होतं. पीसीपीमधे हवा आधीच भरलेली, एक छोटा हातोडा व्हॉल्व्हला टिचकी मारतो, मोजकी हवा निघते, पॅलेट गेलं. झटका जवळपास नाहीच. चूक झाली तर ती सरळ शूटरची दिसते.

पण ताई, काकांनी तुम्हाला दुकानातली ब्रेक बॅरल, म्हणजे नळी मोडून स्प्रिंग ताणायची, स्प्रिंगर दिलेली नाही, आणि हा फरक तुमच्या कोच सरांनी तुम्हाला सांगायला हवा होता. ३०० एस मधे सगळी यंत्रणा लाकडी दस्त्यात एका रुळावर बसवलीय, शॉट सुटला की ती रुळावरून थोडी मागे सरकते आणि खांद्याला नुसता हलका धक्का जाणवतो. नळी पक्की, मोडायची नाही, बाजूचा लिव्हर ओढायचा. रिपेअर झाली की एकदा रेंजवर तिला दाखवा, दस्ता घट्ट धरून शॉट मारला की डोळ्यासमोरची पीप साइट जरा मागे येते पण गालाखालचं लाकूड हलत नाही. त्याच काळात डायना ह्या दुसऱ्या जर्मन कंपनीने वेगळाच उपाय काढला होता, दोन पिस्टन एकमेकांच्या उलट दिशेने सोडायचे म्हणजे झटके एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणजे झटक्याचा प्रश्न इंजिनिअर लोकांनी तेव्हाच बराचसा सोडवला होता. काका खोटं बोलत नाहीयेत, सत्तरच्या दशकात ह्या रायफलने खरोखर जगभर मॅचेस जिंकल्या.

मग सगळे पीसीपीवर का गेले? ह्याचं उत्तर समजून घेतलंत की पैसे कधी घालायचे ते आपोआप कळेल.

एक कारण तर पॉइंट. १९८४ ला लॉस एंजेलिसला एअर रायफल पहिल्यांदा ऑलिंपिकमधे आली तेव्हा फ्रान्सच्या फिलिप एबर्लेने ६०० पैकी ५८९ मारून गोल्ड घेतलं. २००४ मधे आपल्या सुमा शिरूरने एशियन चॅम्पियनशिपला ४०० पैकी ४०० मारून वर्ल्ड रेकॉर्डची बरोबरी केली, म्हणजे एकही नऊ नाही. पुढे त्या पनवेलला कोचिंग करायला लागल्या, तुमच्यापासून ट्रान्स हार्बर लोकलच्या अंतरावर. आता तर डेसिमल आलंय, १०.० आणि १०.९ वेगळे मोजतात, ६० शॉटला जास्तीत जास्त ६५४. दहाचा ठिपका अर्धा मिलीमीटरचा, आणि प्रत्येक ०.१ म्हणजे मध्यापासून पाव मिलीमीटर. रायफलने शॉटमागे पाव मिलीमीटर जरी खाल्लं तरी ६० शॉटला ६ पॉइंट जातात, आणि वरच्या लेव्हलला ६ पॉइंट म्हणजे फायनलमधे असणं आणि बॅग भरून घरी जाणं. आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोत वर्ल्ड चॅम्पियन झाला, पुढच्या वर्षी हांगझोला एशियन गेम्समधे टीम गोल्डला तिघांनी मिळून १८९३.७ मारले, वर्ल्ड रेकॉर्ड. म्हणजे प्रत्येकी ६३१ च्या आसपास, शॉटमागे १०.५. त्या लेव्हलला स्प्रिंगर घेऊन कोणी जाणार नाही, आणि जाऊही नये.

पण तुमच्या मुलीचं गणित करा ना. ५७६ म्हणजे डेसिमलमधे शॉटमागे ९.६. १०.९ पासून १.३ लांब, म्हणजे सरासरी मध्यापासून सव्वातीन मिलीमीटर. ह्यातला रायफलचा वाटा किती आणि तिचा किती? चांगल्या सीलची ३०० एस सँडबॅगवर ठेवून दहा शॉट मारले तर दहाचं मिळून एकच भोक पडतं, बाहेरून बाहेर सहा-सात मिलीमीटर, आणि पॅलेट स्वतःच साडेचार मिलीमीटरचं आहे. म्हणजे रायफल एक-दोन मिलीमीटरमधे फिरते. बाकीचं सगळं तिच्या पायात, कमरेत, श्वासात आणि बोटात आहे. उद्या तिच्या हातात नवी कोरी वॉल्थर कंपनीची पीसीपी दिली तर ५७६ चे फार तर ५८० होतील, बाकीचे पन्नास तिला उभं राहून मिळवायचेत.

दुसरं कारण मला पॉइंटपेक्षा मोठं वाटतं, ते म्हणजे थकवा आणि पोझिशन. पीसीपीत पॅलेट ठेवायचं, छोटा लिव्हर बोटाने बंद करायचा, झालं, पाय हलत नाहीत, डावं कोपर कमरेच्या हाडावर परत त्याच जागी बसतं. स्प्रिंगरला दर शॉटला रायफल स्टँडवर टेकवून पूर्ण लिव्हर ओढायचा, ताकद लावून, ६० वेळा, आणि ते ६० शॉट ७५ मिनिटांत, वर साइटर, म्हणजे नेम बसवायचे न मोजलेले शॉट, वेगळेच. चौदा वर्षांच्या मुलीचा उजवा खांदा चाळिसाव्या शॉटला भरून येतो आणि मग ट्रिगरवरचं बोट जड होतं. ३०० एस मुळात पावणेपाच-पाच किलोच्या घरात जाते, जड आहे. तिच्या स्कोअरशीटवर बघा, माझा अंदाज आहे पहिल्या दोन सिरीज (दहा शॉटची एक) क्लबच्या पीसीपीच्या जवळपास असतील आणि शेवटच्या दोन पडल्या असतील. तसं असेल तर ती रायफलची अचूकता नाही, तो लिव्हर आहे.

आणि तिसरं, ड्राय. हे मी जरा सावकाश सांगतो कारण आई-वडिलांना हे कोणी सांगत नाही. शूटिंगचा अर्ध्याहून जास्त सराव पॅलेट न मारता होतो. घरी भिंतीवर मटाराएवढा काळा ठिपका लावायचा, जॅकेट घालायचं, पोझिशन घ्यायची, होल्ड स्थिर झाला की ट्रिगर दाबायचा, टिक्, आणि नंतर तीन-चार सेकंद तसंच बघत राहायचं, साइट कुठे गेली ते. ह्याला फॉलो थ्रू म्हणतात आणि तो रोज वीस मिनिटं घरी शिकता येतो. पीसीपीला ह्यासाठी ड्रायची सोय असते, हवा न सोडता ट्रिगर चालतो. स्प्रिंगरला पॅलेट न घालता अजिबात सोडायची नाही, समोर पॅलेट नसेल तर हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन थेट धातूवर आपटतो, थोड्या दिवसात आतलं सगळं खिळखिळं. म्हणजे स्प्रिंगर घरी असली तरी तिचा सर्वात किमती सराव तिच्यावर होत नाही. होल्डिंग तेवढं करता येईल, चार्ज न करता नुसती धरून उभं राहायचं, ते पण चांगलंच आहे, पण ट्रिगर नाही.

म्हणून माझं मत असं की ह्या वर्षी दोन्ही वापरा. रेंजवर क्लबच्या पीसीपीवर जेवढे शॉट मिळतात ते घ्या, आणि कोच सरांना विचारा की पॅलेट संपल्यावर, बाकी मुलं मारत असताना, एखादी पीसीपी रिकामी असेल तेव्हा तिला पंधरा मिनिटं नुसता ड्राय करू देतील का. बहुतेक देतात, हवा लागत नाही, पॅलेट लागत नाही. आणि काकांची रायफल रिपेअर झाली की तिच्यावर आठवड्यातून दोन दिवस, एका वेळी तीसच शॉट, साठ नाही. तीस शॉटमधे खांदा दमत नाही आणि प्रत्येक शॉटला नव्याने पोझिशन घ्यायची सवय लागते, ही सवय पुढे पीसीपीवर सोन्यासारखी आहे. जिल्हा स्पर्धेला क्लबची पीसीपी वापरायला मिळत असेल तर तीच वापरा, नाही मिळाली तर काकांची घेऊन बिनधास्त उतरा, नियमात स्प्रिंगर बसते, नियम कॅलिबर बघतात ४.५ मिलीमीटर, वजन बघतात ५.५ किलोच्या आत, मापं बघतात, दुर्बीण नको म्हणतात, आतमधे स्प्रिंग आहे की सिलिंडर ह्यावर कोणी हाकलत नाही.

एक मात्र करू नका. शाळेच्या स्पर्धेत ओपन साइटचा, म्हणजे पीपशिवाय साध्या खाचेतून नेम धरणाऱ्यांचा, गट वेगळा असतो, त्यात बरीच मुलं साध्या ब्रेक बॅरल स्प्रिंगर घेऊन उतरतात, आणि कोणीतरी तुम्हाला सुचवेल की दहा-पंधरा हजारांत एक घेऊन ठेवा, घरी प्रॅक्टिसला. मुलगी पीप साइट मारते तर नको. ब्रेक बॅरलला झटका पूर्ण असतो, तिला सैल धरावं लागतं, रायफलला तिच्या मनाप्रमाणे उडू द्यावं लागतं, घट्ट धरली की ग्रुप, म्हणजे कार्डावरचा भोकांचा पुंजका, पसरतो. आणि मॅच रायफलला बरोबर उलट, गाल घट्ट, खांदा रोज त्याच दाबाने. चौदाव्या वर्षी दोन सवयी एकमेकीला मारतात. ओपन साइटच्या मुलांसाठी ती रायफल योग्य आहे, तिथे मी स्वतः सुचवतो, आपल्या महाराष्ट्रात प्रिसीहोलसारखे लोक चांगल्या बनवतात, पण तुमच्या मुलीचा रस्ता वेगळा आहे.

आता पीसीपी कधी घ्यायची. तिची उंची थांबली की. हे ऐकायला विचित्र वाटेल पण चौदा ते सोळामधे मुलीचे हात, मान, खांदे बदलतात, आज फिट केलेली पोझिशन सहा महिन्यांनी बसत नाही. अॅल्युमिनियमच्या दस्त्यात गालाची पट्टी, बट प्लेट सगळं हलतं म्हणून पीसीपी ह्या बाबतीत चांगली हे खरं, पण मोठ्या माणसाची जड रायफल तिला आत्ता जड जाईल आणि ज्युनिअरची घेतली तर दोन वर्षांत लहान पडेल. आणि स्कोअर, क्लबच्या रायफलवर सहा महिने सलग ६०० च्या वर यायला लागला, एखादा दिवस नाही, सलग, तेव्हा रायफल तिला अडवायला लागेल आणि तेव्हा तुम्ही पाटल्या मोडल्यात तर मी काही बोलणार नाही.

त्याआधी पैसे कुठे घालायचे तर जॅकेटवर. अंगाच्या मापाचं कॅनव्हासचं शूटिंग जॅकेट, आणि सपाट तळाचे बूट. क्लबचं कोणाचंतरी मोठं जॅकेट घालून ती उभी राहत असेल तर पाठीला आधार मिळत नाही, कमरेत वाकते. ह्याने तुम्हाला रायफलपेक्षा जास्त पॉइंट मिळतील, आणि खर्च दहाव्या भागाच्या आसपास. मापं आत्ता वाढत्या अंगाची आहेत हे शिवणाऱ्याला सांगा, बटणं सरकवता येतील अशी जागा ठेवतात. मग पॅलेट, सपाट तोंडाची मॅच पॅलेट, दोन-तीन कंपन्यांची एकेक डबी आणून सँडबॅगवर दहा-दहा शॉटचा ग्रुप काढा, ज्याचं भोक लहान तीच वर्षभर. कुठली महाग ह्यावर जाऊ नका, नळीला कुठली आवडते ते नळी सांगते.

उद्या पीसीपी घ्यायची वेळ आलीच आणि सेकंडहँड बघायला गेलात तर रायफलच्या आधी सिलिंडर बघा. त्यावर तारीख कोरलेली असते. बऱ्याच कंपन्या मॅचच्या सिलिंडरला साधारण दहा वर्षांचं आयुष्य देतात. माझी स्वतःची गोष्ट सांगतो. बरीच वर्षं झाली, मी एका माणसाकडून वापरलेली पीसीपी घेतली, रायफल इतकी सुंदर ठेवलेली की मी सिलिंडरकडे बघितलंच नाही, त्यानेही सांगितलं नाही. महिनाभर तिच्यावर सराव केला, स्टेटच्या मॅचला इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे मॅचआधी सामान तपासतात तिथे, टेबलावर ठेवली, तिथल्या माणसाने सिलिंडर फिरवून तारीख वाचली आणि बाजूला ठेवला. तारीख संपून सव्वा वर्ष झालं होतं. दुसऱ्या कंपनीचा सिलिंडर बसत नाही, तोंड वेगळं असतं, त्यामुळे मित्राची रायफल मागून त्याच्या मापाच्या दस्त्यावर मॅच मारली. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला तुम्ही बघून घेतलीत. घरी येताना लोकलमधे माझ्या डोळ्यात पाणी होतं, खोटं नाही सांगत, कारण त्या रायफलसाठी माझ्या वडिलांनी पीएफमधून पैसे काढले होते. म्हणून मी तुम्हाला पाटल्यांचं इतक्या तावातावाने सांगतोय.

हवा भरण्याचं पण आधीच माहीत असू द्या. सिलिंडरला २०० बार लागतो, एवढा हँडपंपाने भरता येतो पण शेवटच्या पन्नास बारला मोठा माणूस घाम काढतो, चौदा वर्षांच्या मुलीचं काम नाही. आणि जुलै-ऑगस्टमधे ऐरोलीच्या हवेत खाडीचं पाणी तरंगतंय असं वाटतं ना, तीच हवा दोनशे पट दाबली की ओला फडका पिळल्यासारखं पाणी सुटतं आणि सिलिंडरमधे, रेग्युलेटरमधे बसतं, आतून गंज. पंपाला सुकवणारा फिल्टर असतो, त्यातले दाणे रंग बदलले की बदलायचे, पावसाळ्यात लवकर बदलावे लागतात. त्यापेक्षा रेंजवर कंप्रेसर किंवा स्कूबाचा मोठा टँक असतो त्यातूनच भरा, आणि हळू भरा, गरम होऊ देऊ नका.

आणि मिस्टर एमआयडीसीत आहेत म्हणून हे खास लिहितोय, कोणीतरी म्हणेल वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला मिळतो, त्यातून जोडणी करून देतो, स्वस्तात. कधीच नाही. दाबलेला ऑक्सिजन आणि ग्रीसचा एक थेंब, एवढ्यावर स्फोट होतो आणि रायफलचा सिलिंडर मुलीच्या हाताखाली असतो. फक्त साधी, सुकी, दाबलेली हवा. सील्सना पण सिलिकॉन ग्रीस, घरातलं कुठलंच तेल नाही. हे काकांनाही सांगा, प्रेमाने सांगा, त्यांना वाईट वाटू देऊ नका, त्यांनी इतकी वर्षं ती रायफल विकली नाही ह्यातच सगळं आलं.

कायद्याची भीती तुम्ही पत्रात शेवटी एका ओळीत लिहिलीय म्हणून, ४.५ मिलीमीटरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल लायसन्सच्या बाहेर आहे, तुमची साडेसात-आठ ज्यूलच्या आसपास असते. तरी नौपाड्यातून ऐरोलीला किंवा रेंजवर नेताना बंद केसमधे न्या, क्लबचं आयडी आणि काकांकडून लिहून घेतलेलं पत्र बरोबर ठेवा, बिल असेल तर झेरॉक्स. घरात गॅलरीतून किंवा पार्किंगमधे एकही पॅलेट मारायचं नाही, डबा ठेवून गंमत म्हणून पण नाही. आणि स्प्रिंगर चार्ज करून ठेवून देऊ नका, तासन्‌तास ताणलेली राहिली तर स्प्रिंग बसते आणि वेग पडतो, शिवाय घरात भरलेली रायफल ही गोष्टच नको. लिव्हर ओढलेला असताना पॅलेट ठेवते तेव्हा दुसऱ्या हाताने लिव्हर धरून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून, सटकला तर बोट चिरडतं.

कोच सरांशी भांडू नका. वरच्या लेव्हलचं बघितलं तर त्यांचं बरोबरच आहे, फक्त ते दोन वर्षं पुढचं बोलतायत. त्यांना ५७६ आणि ५६१ च्या दोन्ही स्कोअरशीट शेजारी ठेवून दाखवा, सिरीजवार, आणि विचारा तिचे शॉट डावी-उजवीकडे जातायत की वर-खाली. डावी-उजवी बहुतेक पायांची आणि शरीराच्या डुलण्याची, वर-खाली श्वासाची, ह्यावर काय सराव द्याल. ह्या प्रश्नाचं उत्तर ते देतील, आणि त्या उत्तरावरून तुम्हाला कोच पण कळेल.

रायफल रिपेअर होऊन आली की पहिले वीस शॉट सोडून द्या, सील बसायला लागतात, मग सँडबॅगवर दहा शॉटचं एक कार्ड काढा, त्यावर तारीख आणि पॅलेटचं नाव लिहा आणि फोटो पाठवा मला. भोक सात मिलीमीटरच्या आत असेल तर दिवाळीपर्यंत पीसीपीचा विषय घरात काढू नका. आणि पोरीची उंची लिहायची राहिलीय पत्रात, हाताची लांबी पण मोजून पाठवा, खांद्यापासून ट्रिगरच्या बोटापर्यंत, ३०० एसचा दस्ता तिला लांब पडत असेल तर बट प्लेट किती आत घ्यायची ते त्यावरून सांगतो.